एकाच जागी अडलं तर चूक आपली

रफीक,

तुझ्या शोकसभेत मी हसले. आधी हे सांगून टाकते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तुला कळायचं. अकोल्याला तुझ्याच कॉलेजात सभा होती. प्राचार्य उभे राहून म्हणाले, 'रफीक सर अत्यंत शांत स्वभावाचे होते, त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही.' मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आता त्यांना काय सांगणार, की या शांत माणसाने अमरावतीला आमच्या बैठकीत, सासूबाईंच्या देखत, 'सुनंदा, तू येडी हाय का? वरची ओळ वाच नं!' असं ओरडून सासूबाईंच्या हातातला चहा सांडवला होता! त्या पुढे कितीतरी दिवस विचारायच्या, 'तो वरची-ओळ-वाला पोरगा येऊन नाई राहिला काय आजकाल?'

तू ओरडायचास, कारण मी खालची ओळ वाचायचे. आपलं सगळं भांडण एवढंच होतं आणि ते एम.एस्सी.पासून चाललं.

आठवतं ना, अमरावतीला आपल्या विभागात ते जुने कॉम्प्युटर होते? मी मोर्शीची, संत्र्यांच्या बागेतून आलेली. तू अकोल्याच्या गादी कारखान्यातला, शर्टाला कायम कापसाचा एखादा तंतू चिकटलेला. गणिताचं ते फुकटचं सॉफ्टवेअर आपल्याला हवं होतं, ज्यात समीकरण टाकलं की आकृती निघते. दुसरीकडची पोरं ते तयार उचलून आणत आणि वापरत. आपल्या मशीन इतक्या जुन्या की तयार माल त्यांच्यावर चालायचाच नाही. मग उरला एकच मार्ग. लोकांनी लिहिलेला मूळ कोड आणायचा आणि आपल्या मशीनवर पहिल्यापासून बांधायचा. मशीन तासन्‌तास घरघरत बसे, पडद्यावरून ओळी धावत आणि मध्येच कुठेतरी सगळं थांबून इंग्रजीचा ढीग ओतला जाई.

मी त्या ढिगाची शेवटची ओळ वाचून म्हणायचे, 'एरर आला.'

'आला ते मलेबी दिसते. काहून आला?'

'लिहिलं नाही.'

'लिहिलं हाय. वर जा. अजून वर. पयली चूक कुठी हाय ते पाय. बाकीच्या तिच्या मागंमाग आलेल्या हायेत.'

आणि वर, खूप वर, खरंच एक साधी ओळ असायची. अमुक लायब्ररी सापडली नाही. बस्स. कोडाचा तेवढा तुकडा आणला की खालचा सगळा ढीग आपोआप नाहीसा व्हायचा. मला दर वेळी तुझा राग यायचा. बरोबर असणारा माणूस इतका खूश दिसू नये.

तयार माल घेणाऱ्यांची तू टिंगल करायचास आणि ती मला पटायची नाही. मी म्हणायचे, 'गणित करायचं सोडून आपण सुतारकाम करून राहिलो.' तू म्हणायचास, 'तयार रजई घेतली का तिच्यात काय भरलं ते समजते का तुले? आमच्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसते. त्याच्यासमोर कापूस पिंजतो आमी.' मग मला तुझ्या अब्बांच्या कापूस पिंजायच्या धुनकीचा आवाज तोंडाने करून दाखवायचास. सगळ्या लॅबमध्ये तुणतुण, तुणतुण. शिपाई येऊन बघून जायचा.

आणि तो कूलर! तो विसरले तर तू कबरीतून उठून येशील. मे महिना, अमरावतीचं ऊन. बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. आपलं बांधकाम दर वेळी कोसळायचं, पण दर वेळी वेगळ्या जागी. मी सगळ्या पहिल्या ओळी वाचून थकले. तू डोळे मिटून बसलास आणि मग मोठ्या हुशारीने म्हणालास, 'एकाच जागी अडलं तर चूक आपली. दर वेळी नवीन जागी अडलं तर चूक मशीनची. याले गरम होऊन राहिलं, सुनंदा.' निदान अगदी बरोबर होतं. उपाय मात्र खास आपला वऱ्हाडी. तू कॉम्प्युटरचं झाकण काढलंस आणि सरांच्या केबिनमधला वाळ्याचा कूलर ओढत आणून त्याच्यासमोर लावलास. वर पाणीही टाकलंस, नीट गार व्हावं म्हणून. मशीन खूप छान चालली. मग वाळ्यातून तुषार उडाले, मशीनने एक बारीकसा आवाज काढला आणि कायमचे डोळे मिटले. सर आले तेव्हा लॅबमध्ये वाळ्याचा घमघमाट होता आणि आपण दोघं त्या मशीनच्या दोन बाजूंना, मयतीला बसावं तसे बसलो होतो. सरांनी विचारलं, 'काय झालं?' तू म्हणालास, 'सर, एरर सापडला.'

त्यानंतर आपण ठरवलं की मोठं बांधकाम दिवाळीनंतरच काढायचं. जगात दुसरीकडे कुठे गणिताचं सॉफ्टवेअर हवामान बघून बांधत असतील असं वाटत नाही.

नंतर मी अमरावतीला शिकवायला लागले, तू अकोल्याला. फोनवर भांडण चालूच. तू 'कशी आहेस' असं कधी विचारलं नाहीस. 'कुठी अडली?' असंच विचारायचास. मग मी घरातलं, कॉलेजातलं, तब्येतीचं, जे काही अडलं असेल ते सांगायचे. माझी आई गेली तेव्हाही तू हेच विचारलंस आणि मी दोन तास बोलत राहिले. तू त्या दिवशी एकदाही मध्ये बोलला नाहीस. तेव्हा मी तुला काही म्हणाले नाही. आज म्हणते, बरं केलंस.

आपलं दुसरं भांडण ठिगळांवरून. काही बिघडलं की मला वाटायचं, तेवढंच दुरुस्त करावं. इथे एक शॉर्टकट, तिथे एक फाइल उचलून ठेव, चाललं तर चाललं. तुझं म्हणणं, आधीचं बांधलेलं सगळं पुसून टाक आणि पहिल्यापासून सुरू कर. 'कापसाची गाठ झाली का वरून थापटून बसत नाई. रजई उसवा लागते, कापूस पुन्यांदा पिंजा लागतो.' तुझा पूर्ण दिवस जायचा आणि माझं काम तासाभरात व्हायचं, असं मी म्हणायचे. तू म्हणायचास, तुझा बिघाड पुढच्या सोमवारी पुन्हा येईल. तो यायचाही. पण कधीकधी नाही यायचा, हे तू कधी कबूल केलं नाहीस.

आणि एकदा तू मला विद्यार्थ्यांसमोर बोललास, ते मी विसरले नाहीये. मी पोरांसाठी एक प्रॅक्टिकल लिहून तुला पाठवलं होतं. त्यात फाइल कुठे आहे ते सांगताना मी माझ्याच मशीनमधला पूर्ण पत्ता लिहिला. तुझ्या लॅबमध्ये ते अर्थातच चाललं नाही. तू फोन स्पीकरवर टाकून म्हणालास, 'मॅडम, तुमच्या घरचा पत्ता लोकाइले कायले? आमच्या पोराइनं अमरावतीले येऊन फाइल उघडायची का?' मागे सगळा वर्ग हसला. पुढे कित्येक वर्षं, मी काहीही पाठवलं की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, 'घरचा पत्ता काढला का?'

हे सगळं आठवत मी तुझ्या घरी शबानाभाभींना भेटायला आले. इद्दतीचे चार महिने दहा दिवस चालू आहेत, त्या घरातच असतात. पलंगावर तुझी चादर तशीच होती. त्यांनी मला चहा दिला आणि आयेशाला हाक मारली. तुझी लेक आली, हातात एक पेनड्राइव्ह.

'दीदी,' भाभी म्हणाल्या, 'इनने बोले थे, आयेशा की रजई का नक्शा मैं निकालूँगा. कम्प्यूटर में बन गया है, कागज पे उतारना बाकी है, ऐसा कहते थे. अब वो कम्प्यूटर तो कॉलेजवाले ले गए, उनकाच था. आयेशा ने सब इसमें उतार लिया. पर खुलताच नहीं.'

इद्दत संपली की निकाह आहे. तू ठरवलेला महिना बदलायचा नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवलंय. मुलगा परतवाड्याचा. तुमच्या घरात लेकीच्या रजईवर बापाने काढलेलं नक्षीकाम असतं, हे मला तू सांगितलं होतंस. तुझ्या अब्बांनी तुझ्या बहिणीच्या रजईवर खडूने रेघ ओढली होती. कोपऱ्यातल्या नक्षीच्या पानापासून निघालेली, सगळ्या रजईभर फिरून मधोमध येऊन थांबणारी, कुठे न तुटलेली. दोरा संपला तर गाठ मारून पुढे जायचं, पण रेघ उचलायची नाही. तुझा हात चित्राला बसायचा नाही, म्हणून तू अब्बांचं ते काम गणितात घातलंस. लांबी-रुंदी द्या, कोपऱ्यातलं पान द्या, रेघ निघते. तुझा तो छोटासा कोड त्या मोठ्या सॉफ्टवेअरला जोडलेला. आकृती तू भाभींना एकदा पडद्यावर दाखवलीस आणि कागदावर काढायची ठेवून गेलास.

हनीफभाई, तुझे थोरले भाऊ, दारात उभे होते. ते म्हणाले, 'नक्शा नहीं मिला तो मैं अपना काढूँगा. रजई तो होगीच.' आयेशा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, 'देते मी काढून.' कुठल्या भरवशावर म्हटलं, देव जाणे.

रविवारी सकाळी मी बसले आणि अर्थातच ठिगळापासून सुरुवात केली. तुझं बांधलेलं सगळं आयेशाने जसंच्या तसं आणलं होतं. पण ते जिथे बांधलं, तिथला पत्ता त्याच्या हाडामासात गेलेला. उघडलं की ते तुझं घर शोधायचं. रफीकच्या फोल्डरमध्ये अमुक नाही, रफीकच्या फोल्डरमध्ये तमुक नाही. पडद्यावर ओळीमागून ओळ, प्रत्येकीत तुझं नाव. मला बघवेना. मग मी माझ्या मशीनमध्ये रफीक नावाचं एक खातं उघडलं, तुला तिथे घर करून दिलं आणि सगळं आत ठेवलं. सॉफ्टवेअर सुरू झालं! मी टाळ्या वाजवल्या. आकृती काढायला सांगितली आणि ते कोसळलं. एक ठिगळ लावलं, दुसरीकडे कोसळलं. दुसरं लावलं, तिसरीकडे. पेनड्राइव्हवर येताना फाइलींना एकमेकींशी जोडणारे निम्मे धागेच तुटले होते. दुपारी माझे यजमान डोकावून म्हणाले, 'रफीकभाई असते तर आतापर्यंत ओरडले असते.' मी म्हटलं, ओरडूनच राहिले.

उसवायचं ठरवलं. पण त्यासाठी ते रफीकचं घर पुसायला हवं होतं. मशीनने विचारलं, हे खातं आणि त्यातलं सगळं खरंच काढून टाकायचं? मी उठून स्वयंपाकघरात गेले, उगीच ओटा पुसला, परत आले. तुला मातीत ठेवलं तेव्हा मी तिथे नव्हते, बायका जात नाहीत. माझ्या वाट्याला हे आलं. खूप रडले, रफीक. मग 'हो' दाबलं.

मूळ कोड नव्याने आणला. माझ्या नावाने, माझ्या घरात, पहिल्यापासून बांधायला घेतला. ओळी धावायला लागल्या आणि मला एकदम विभागातली ती घरघर ऐकू आली. दोनदा अडलं, दोन्ही वेळा मी वर गेले, पहिली ओळ वाचली, एक लायब्ररी आणली, दुसरीची जुनी आवृत्ती काढून नवी घातली. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, गरम होण्याचा प्रश्न नव्हता. मोठं सॉफ्टवेअर उभं राहिलं. शेवटी तुझा कोड जोडायला घेतला.

अडलं. पुन्हा चालवलं. त्याच जागी. पुन्हा. त्याच जागी. एकाच जागी अडलं तर चूक आपली. मी माझ्या सगळ्या चुका शोधल्या. काय विसरले, काय चुकीचं टाकलं, सगळं तपासलं. मग लक्षात आलं की मी घाबरून पुन्हा खालचीच ओळ वाचतेय. वर गेले. अजून वर.

तिथे लिहिलं होतं, पान नावाची फाइल सापडली नाही. कुठे? रफीकच्या घरात, अब्बा नावाच्या फोल्डरमध्ये.

मला आधी कळेचना. घर तर मी पुसलं होतं, हे आता कोण मागतंय? तुझा कोड उघडला. आणि तिथे, तुझ्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कोडात, अगदी सुरुवातीला, तुझ्या मशीनचा अख्खा पत्ता होता. स्वतःच्या घरचा पत्ता, रफीक! तू! ज्याने भर वर्गात माझं हसं केलं, तो तू!

मी इतकी मोठ्याने हसले की यजमान धावत आले. मला बोलताच येईना. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. हसता हसता मी फोन उचलला आणि तुझं नाव काढलं, आता बघतेच तुला म्हणून. तुझं नाव समोर आलं, हिरवं बटण आलं आणि माझं बोट थांबलं. एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला, आणि तू फोन उचलायला नाहीस. याबद्दल मी तुझ्यावर खरंच चिडले आहे. अजूनही.

अब्बा नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर होतं. आयेशाने काहीच सोडलं नव्हतं. आत ते पान होतं, तुझ्या बहिणीच्या जुन्या रजईवरून तू टिपून घेतलेलं. मी ते तुझ्या कोडाशेजारी ठेवलं आणि त्या ओळीतून तुझ्या घरचा पत्ता काढून, 'इथेच शेजारी बघ' एवढंच लिहिलं. चालवलं. अडलं नाही. कोपऱ्यातून रेघ निघाली, पानाला वळसा घालून काठाने गेली, आत वळली, पुन्हा वळली आणि सावकाश मधोमध येऊन थांबली. कितीतरी वेळ मी नुसती बघत होते.

दुसऱ्या दिवशी कागदावर मोठं काढून घेतलं आणि अकोल्याला आले. हनीफभाईंनी जमिनीवर कापड अंथरलं, शेजारी कागद पसरला. खडू हातात धरून ते बघत राहिले आणि हळूच म्हणाले, 'अब्बा का पान है.' भाभी खाली बसल्या. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि रेघेवरून फिरवायला सुरुवात केली. कुठेही न उचलता, सगळ्या कागदावरून, मध्यापर्यंत.

'कहीं टूटी नहीं,' भाभी म्हणाल्या. मग मान वर करून, 'कहाँ अटका था, दीदी?'

मी म्हटलं, 'तुमच्या नवऱ्यापाशी. मला आयुष्यभर ज्या गोष्टीवरून बोलला, तीच करून ठेवली होती त्यानं. घरचा पत्ता लिहून ठेवला होता.'

आणि भाभी हसल्या, रफीक. ओढणी तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. 'ये आदमी!' म्हणाल्या. 'ये आदमी! जहाँ जाए वहाँ घर का पता देता था. बस में, दुकान में, सबको. आओ घर, चाय पियो.' आयेशाही हसली. हनीफभाईंनी तोंड फिरवून खडूची रेघ ओढायला घेतली. आयेशा म्हणाली, अब्बू गेल्यापासून अम्मी आज पहिल्यांदा हसली.

ती तुझा कोड परतवाड्याला घेऊन जाणार आहे. तिला शिकायचंय. मी तिला सगळं मूळ कोडासकट दिलंय, बांधलेलं काही दिलं नाही, ते तिने तिथे स्वतः बांधायचं. तुझं घर आता त्या ओळीत नाही, त्यामुळे तिच्या घरी ते चालेल, कुठल्याही घरी चालेल. अडलं तर काय करायचं, असं तिने विचारलं. मी ओरडले, 'वरची ओळ वाच नं!' ती दचकली, आणि मग आम्ही तिघी पुन्हा हसत बसलो.

तर, कुठी अडली विचारशील, म्हणून सांगते. चूक तुझी होती. पहिल्याच ओळीत होती. आणि मी ती वाचली.

तुझी,
सुनंदा